पाचवी आज्ञा आणि पंडिता रमाबाई

पनवेलला लागून खांदा कॉलनी आहे. सिडको 1970 साली निघाली. भोवतालच्या गावांच्या भातजमिनी तिने घेतल्या, आणि जुन्या खांदा गावाच्या शेजारी इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. आज तिथे घाटावरचा माणूस राहतो, कोकणातला राहतो, केरळातला राहतो. नाव मात्र जुन्या गावाचेच चालू आहे. मराठी माणसाच्या कानावर 'खांदा' हा शब्द पडला की दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत. एक श्रावणबाळाची कावड, आणि दुसरी तिरडी. आईबाप जिवंत असताना त्यांचा भार खांद्यावर घ्यायचा, आणि गेल्यावर शेवटचा खांदा द्यायचा. मुलाचे कर्तव्य आपल्या लोकांनी या एका शब्दात बसवले आहे.

ख्रिस्ती धर्मात हेच कर्तव्य दहा आज्ञांपैकी एका आज्ञेत आहे. देवाने सीनाय डोंगरावर मोशेला ज्या आज्ञा दिल्या, त्यांत आईबापांचा मान राखावा अशी एक आहे. तिचा क्रमांक मात्र सगळीकडे एक नाही. यहुदी आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी तिला पाचवी म्हणतात, रोमन कॅथलिक चौथी म्हणतात. वसईच्या मुलाने 'चौथी' म्हटले आणि अहमदनगरच्या मुलाने 'पाचवी', तर गुरुजनांनी दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत. मोजण्याची रीत वेगळी, आज्ञा तीच. तिचे एक वैशिष्ट्यही सांगून ठेवतो. दहांतल्या या आज्ञेला फळाचे वचन जोडलेले आहे. आईबापांना मान दे, म्हणजे देव तुला देत असलेल्या भूमीवर तू चिरकाळ नांदशील, असा तिचा आशय आहे. मान दिला तर जमिनीवर पाय टिकेल, असा याचा अर्थ शेतकऱ्याला चटकन कळेल.

ही आज्ञा पनवेलला पोचली ती पाद्र्यांबरोबर पोचली असे कोणी समजू नये. ती त्यांच्या कितीतरी आधी इथे होती. कोकणपट्टीत बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे हे यहुदी. पनवेलमध्ये त्यांचे बेथ एल नावाचे सिनेगॉग आहे, ते 1849 सालचे. मोशेच्या आज्ञा हा त्यांच्या धर्माचा पायाच. त्यातले बरेच लोक पुढे इस्राएलला गेले, पण प्रार्थनामंदिर आपल्या जागी उभे आहे.

मूळ हिब्रू भाषेत 'मान दे' यासाठी जो शब्द आहे, त्याचा धातू 'जड असणे' या अर्थाचा आहे. म्हणजे आईबापांना वजन दे. आता पाहा, आपण मराठीत काय म्हणतो? "त्याच्या शब्दाला गावात वजन आहे." दोन भाषा एकमेकींपासून हजारो मैल दूर, आणि मानाची कल्पना दोघींनी तराजूतच तोलली. आज्ञा 'ऐक' असे म्हणत नाही, 'भी' असेही म्हणत नाही. वजन दे, एवढेच म्हणते. हा फरक लहान वाटेल. पण आजच्या विषयाचे सगळे मर्म त्यात आहे. कारण प्रश्न असा येतो: आईबाप एक सांगतात आणि आपले मन, आपली सदसद्विवेकबुद्धी दुसरे सांगते, अशा वेळी काय करायचे? आज्ञा मोडली तर मान मोडला का?

खुद्द येशूच्या वचनांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सापडतात. बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला. आईबाप तीन दिवस शोधत होते. सापडल्यावर त्याने उत्तर दिले ते आईला समजले नाही. पण मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. पुढे मोठेपणी मात्र, जो आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, अशा अर्थाचे कठोर बोल त्यानेच काढले. आणि वधस्तंभावर शेवटच्या घटकेला समोर उभ्या असलेल्या आईला त्याने आपल्या शिष्याच्या हवाली केले. प्राण जाण्याच्या वेळी आईच्या जेवणाखाण्याची सोय लावणारा हा मुलगा आहे, हे विसरू नये.

मार्कच्या शुभवर्तमानात आणखी एक प्रसंग आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी काही लोकांनी एक युक्ती काढली होती. म्हाताऱ्या आईबापांनी हात पसरला की मुलगा म्हणे, "माझ्याजवळ जे आहे ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलेले आहे, त्यातले तुम्हांला देता येत नाही." शास्त्री त्याला मान्यता देत. येशू त्यांच्यावर कडाडला. देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा तुम्ही रद्द करता, असे त्याने सुनावले. म्हणजे या आज्ञेतला मान नुसत्या नमस्काराचा नाही. भाकरीचा आहे, औषधाचा आहे. आपल्या देशात 2007 साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मूल सांभाळत नसेल तर म्हाताऱ्यांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लावावा लागत नाही, आणि मुलांना पोटगी देण्याचा हुकूम होऊ शकतो. गावच्या शिक्षकाने ही माहिती पारावर सांगून ठेवली तर उपयोगी पडेल. मात्र पोटगी वसूल होते, वजन वसूल होत नाही. कायदा तरी काय करणार!

आता इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो एकोणिसाव्या शतकात, ख्रिस्ती झालेल्या मुलांच्या घरांत. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा अल्पवयीन, तेव्हा त्याला वडिलांच्या स्वाधीन करावे असा निकाल झाला. पुढची गोष्ट अशी, की मुलगा घरी आला पण जातीत येईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या प्रायश्चित्ताची खटपट केली आणि त्याबद्दल स्वतःवर लोकांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. एका बापाचे दोन मुलगे, एक असा गेला, एक तसा आला. त्या बापाच्या मनाला काय वाटले असेल, याची नोंद निकालपत्रात कशी असणार? अशा घरांतून त्या काळी घटस्फोटाचा विधी होई. आज ज्याला आपण घटस्फोट म्हणतो तो नव्हे. मडके फोडून, जिवंत मुलाला मेला असे समजून केलेली क्रिया. ज्याने आपल्याला खांदा द्यायचा, त्याचेच दिवस आईबाप करीत.

हे सगळे चित्र डोळ्यांपुढे ठेवून पंडिता रमाबाईंची हकीकत ऐकावी.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी ते पुण्यात आपल्या गुरूंजवळ शिकत होते. गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून हा विद्यार्थी चकित झाला, आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचे असे त्याने ठरवले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर दुसरी पत्नी आली, लक्ष्मीबाई. तिला त्यांनी शिकवले. समाजाने जाब विचारला, उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना उत्तर द्यावे लागले. त्यांनी ते शास्त्राच्या आधारानेच दिले. मग रानात घर बांधले आणि विद्यार्थ्यांना अन्न व विद्या देत राहिले.

वडील थकले तेव्हा रमेला शिकवण्याचे काम आईकडे आले. लक्ष्मीबाईंना दिवसभर कामातून सवड नसे. म्हणून त्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, झोपलेल्या मुलीला उचलून घेत, लाडाने जागे करीत आणि पाखरे बोलू लागण्याच्या वेळी तिच्याकडून श्लोक म्हणून घेत. पुस्तक नाही, पाटी नाही. आईचे तोंड हेच पुस्तक. आपल्या घरची आई जात्यावर ओव्या म्हणे, ही आई संस्कृत म्हणे, वेळ तीच.

पुढे कर्ज झाले, घर सुटले, आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला लागले. पुराणे सांगायची, मिळेल त्यावर गुजराण करायची. 1874 सालच्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची झळ लागली. होते नव्हते ते विकून झाले. मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. रानात अकरा दिवस झाडपाल्यावर काढले. म्हातारे, अंध झालेले अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडून मजुरी करीन. निरोपाच्या वेळी म्हाताऱ्याने रमेला जवळ घेतले, डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे. नीट वाग आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर. ही हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. जलसमाधी टळली, पण म्हातारे त्यानंतर फार दिवस जगले नाहीत.

थोड्याच काळात आईही अंथरुणाला खिळली. आई भाकरी मागू लागली. रमा शेजारणीकडे गेली. बाई मायाळूपणे बोलली, पण रमेच्या तोंडून मागणीचा शब्द फुटेना. ओठ घट्ट मिटून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. बाईला कळले, तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. रमा धावत आईकडे आली. आईला तो खाण्याचेही त्राण उरले नव्हते.

आई गेली. तिरडी उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या कष्टाने दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथी रमा. स्मशान सुमारे तीन मैलांवर. रमा ठेंगणी. बाकी तिघांच्या खांद्याला तिचा खांदा पुरेना. म्हणून तिने आपल्या वाट्याची दांडी डोक्यावर घेतली आणि तशी ती तीन मैल चालली.

ती तेव्हा ख्रिस्ती नव्हती. दहा आज्ञा तिने ऐकल्यासुद्धा नसतील. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आईबापांचा मान ही एका धर्माची मिरासदारी नाही, हे कोणत्याही धर्माच्या माणसाने विसरू नये. पण याच मुलीने पुढे जे केले, त्यावर साऱ्या महाराष्ट्राने तिला आईबापांना बट्टा लावणारी ठरवले. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला, त्याच वर्षी तिचे लग्न झाले आणि 1882 साली पती बिपिनबिहारी वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन ती पुण्यास आली, तिथून विलायतेस गेली, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात टीकेचा गदारोळ उठला. ज्या बापाने शास्त्रासाठी जन्म वेचला त्याच्या मुलीने शास्त्र टाकले, हा घाव लोकांना खोल लागला. त्यांचे दुःखही खोटे म्हणता येत नाही.

तर मग रमाबाईंनी पाचवी आज्ञा मोडली काय?

त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक 1887 साली अमेरिकेत निघाले. सनातन चालीरीतींवर त्यात कडक टीका आहे. आणि त्याची अर्पणपत्रिका कोणाला? आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना. जिच्या सहवासाने आणि शिकवणीने आपल्या आयुष्याला उजेड दिला, ती आई, असा त्या अर्पणपत्रिकेचा भाव आहे. ख्रिस्ती होऊन चार वर्षे झाली होती. आईचा देव त्यांनी सोडला, पण आपल्याजवळ जे आहे ते आईचे आहे हे परक्या देशात, परक्या भाषेत छापून सांगितले. इंग्लंडातल्या जोगिणींच्या पंगतीत बसूनही त्या जन्मभर शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थसुद्धा चालत नाही म्हणून तिथल्या सिस्टर जेराल्डीन नाराज होत. या सिस्टर रमाबाईंना आईच्या जागी होत्या. मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे. पण धर्माच्या बाबतीत मुकाट्याने ऐकावे असा त्यांनी आग्रह धरला, तेव्हा रमाबाईंनी स्वच्छ कळवले की भटांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तिथे दुसरे जोखड घेणार नाही. पत्रव्यवहार मात्र तोडला नाही. नाते ठेवले, माया ठेवली, आणि 'नाही' म्हटले. आज्ञापालन आणि मान यांतला फरक याहून स्पष्ट दाखवता येईल असे मला वाटत नाही.

आणि काम पाहा. अनंतशास्त्र्यांनी एका बाईला शिकवले म्हणून त्यांना सभेपुढे उभे राहावे लागले होते. मुलीने 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना गोळा करून आणले, केडगावला मुक्तिसदन वसवले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा गेल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली. अंधांसाठी वेगळी सोय, म्हाताऱ्या बायकांसाठी वेगळी. या मुलींकडे पाहून मला माझे दिवस आठवतात, असे रमाबाई सांगत. भाकरीचा तो तुकडा त्या विसरल्या नव्हत्या. बापाचे मत सोडले, पण बापाचे काम पुढे नेले. काही मुले याच्या उलट करतात: बापाचे मत जपतात, तसबिरीला हार घालतात, आणि त्याचे काम वाऱ्यावर सोडतात.

मान म्हणजे आईबापांचे दोष झाकणे असाही एक समज आहे. त्यावर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचावे. 1934 ते 1936 या वर्षांत ते चार भागांत निघाले. सुरुवातीलाच त्यांचे वडील येतात, नाशिकजवळच्या जलालपूरचे नाना गोखले. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेला जिन्नस धुऊन घ्यायचा, मीठसुद्धा! घरची माणसे या सोवळ्याने जेरीस आली. लक्ष्मीबाई हे सगळे सांगतात, हसून सांगतात, काही लपवत नाहीत, आणि तरी त्या बापाविषयी वाचकाच्या मनात तिरस्कार उभा राहत नाही. उभी राहते ती कणव. 1900 साली ख्रिस्ती झालेल्या मुलीने म्हातारपणी आपल्या कर्मठ बापाला असे वजन दिले.

इफिसकरांस पत्र लिहिताना पौलाने मुलांना आज्ञेत राहायला सांगितले, आणि लगेच पुढे बापांनाही बजावले की मुलांना चिडवू नका. मुलांच्या वर्गात आपण पहिला भाग शिकवतो. पालकांच्या सभेत दुसरा भाग कोणी वाचून दाखवला, असे निदान माझ्या ऐकण्यात नाही.

रमाबाईंची स्वतःची मुलगी मनोरमा आईच्या हाताखाली राबली. शाळा पाहिली, कारभार पाहिला. 24 जुलै 1921 रोजी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ती आईच्या आधीच गेली. रमाबाईंचा अखेरचा काळ बायबलच्या मराठी भाषांतरात गेला. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. अठरा वर्षे हे काम चालू होते. खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी हवे, हा त्यांचा हट्ट होता. भाषांतर पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला, आणि ग्रंथ 1924 साली बाहेर आला. तो छापला केडगावच्या छापखान्यात, मुक्तिसदनातल्या मुलींनी आणि बायांनी. खिळे त्यांनीच जुळवले, कागद त्यांनीच लावला. त्यांतल्या कित्येकींचे आईबाप दुष्काळात गेलेले. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात पाचवी आज्ञा येते. तिची अक्षरेही त्याच हातांनी एकेक खिळा उचलून जुळवली.